सव्वा लाखाची मूठ

मारण्याला आपल्या मराठीत किती शब्द आहेत, याचा हिशेब वाचकांनी एकदा रिकामपणी करून पाहावा. गुद्दा, बुक्की, ठोसा, धपाटा, रपाटा, रट्टा, टोला, चपराक. शिवाय पोरांसाठी चापटी आणि जिवलगांसाठी कोपरखळी! शब्दांचे एवढे ऐश्वर्य असलेल्या आपल्या पांढरपेशा घरांत एक सरळ ठोसा नीट मारू शकेल असे माणूस मात्र दिवा लावून शोधले तरी सापडायचे नाही. खोटे वाटत असेल, तर फराळाचे ताट क्षणभर बाजूला ठेवून घरातल्या मंडळींना मूठ वळायला सांगा. एखाददुसरा तरी अंगठा चार बोटांच्या आत दडवून बसेल. त्या मुठीने कुणाला हाणले, तर त्याचे काय व्हायचे ते होवो. हाणणाऱ्याचा अंगठा मात्र दुखावल्याशिवाय राहायचा नाही.

हे मी एवढ्या अधिकाराने सांगते आहे, कारण वर्षभराहून अधिक काळ मी ठोसे मारायला शिकते आहे. माझे वय ४६. घरी यजमान, दहावीतली लेक आणि संधिवाताने बेजार झालेल्या सासूबाई. नोकरी लेखनिकाची. आणि शिकते आहे ते नेहमीचे मुष्टियुद्ध नव्हे, तर चिनी मुष्टियुद्ध. त्यात हातांबरोबर पायही चालतात आणि समोरच्याला धरून पाडण्याचीही मुभा असते. त्याचे नाव ‘सान्दा’. आमच्या शेजारच्या आजींनी ते ‘सांड’ असे ऐकले आणि “अगं बाई, या वयात वळूशी झुंज कशाला?” म्हणून त्या खरोखरीच काळजीत पडल्या.

दोन गावांची नोकरी

माझे घर चंद्रपूरला आणि कचेरी गडचिरोलीला. पूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे दोन जिल्हे झाले. माझ्यासारख्या नोकरदारांच्या लेखी मात्र तो अजून एकच आहे. मध्ये सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता, एवढेच. सोमवारी पहाटे चंद्रपूरहून एस.टी. धरायची, सागाच्या आणि बांबूच्या रानातून मूल गाठायचे, सावली मागे टाकायची, वैनगंगेचा पूल ओलांडायचा, की गडचिरोली. तिथे एक खोली घेतली आहे. शुक्रवारी संध्याकाळी परत घरी.

अशाच एका डिसेंबरातल्या सोमवारी पहाटे मी थांब्याकडे चालले असताना मोटारसायकलवरून दोघेजण आले आणि मागच्याने माझ्या गळ्यातले मंगळसूत्र ओढून नेले. मानेवर ओरखडा उठला. तक्रार नोंदवली. चार दिवस नातेवाईक येऊन हळहळून गेले. सोने गेल्याचे दुःख झाले, नाही असे नाही. पण मनाला लागले ते निराळेच. ओरडण्यासाठी मी तोंड उघडले, तर आवाजच फुटला नाही. हात वर न्यायचा होता, तो नेला गेला नाही. ४५ वर्षे वापरलेले माझेच शरीर त्या घटकेला माझे ऐकेना.

पुढे दर सोमवारी यजमान थांब्यापर्यंत सोबत येऊ लागले. रात्रपाळी करून आलेले असले तरी येत. आईची ही गत पाहून लेकीनेही शिकवणीला एकटीने जाणे सोडले; “बाबा, सोडायला चला,” हे रोजचे झाले. भीती आमच्याकडे पाहुणी म्हणून आली आणि भाडेकरू होऊन राहिली.

गडचिरोलीच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून एका शाळेचे मैदान दिसते. संध्याकाळी तिथे पंधरावीस मुलेमुली ओळीने उभी राहून हवेत ठोसे मारीत. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटे. मग एक दिवस मी चपला घालून खाली उतरले आणि शिकवणाऱ्या तरुणाला विचारले, “मोठ्या बायकांना शिकवता का हो?” ते माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि एवढेच म्हणाले, “उद्या सहाला या, काकू. साडी नको.”

हे चिनी प्रकरण आहे तरी काय?

‘सान्दा’ या चिनी शब्दाचा अर्थ मोकळी मारामारी. मोकळी म्हणजे बेबंद नव्हे. ठरीव हालचालींची साखळी न पाळता समोरचा जसा वागेल तसे आपण वागायचे, म्हणून मोकळी. चीनमध्ये युद्धकलांचे शेकडो घाट आहेत. त्या सर्वांना मिळून ‘वुशू’ म्हणतात. वुशूच्या दोन शाखा. एकीत डोळ्यांचे पारणे फेडणारी एकट्याची प्रात्यक्षिके, दुसरीत समोरासमोरची लढत. ही दुसरी शाखा म्हणजे सान्दा.

१९२८ साली नानकिंग येथे चिनी सरकारच्या वतीने उघड्या चौथऱ्यावर लढती भरवल्या गेल्या. अंगावर संरक्षक साहित्य नव्हते. इतके लोक जायबंदी झाले, की शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. त्यातून धडा घेऊन पुढच्या काळात नियम आले. १९७९ पासून चीनच्या क्रीडाखात्याने या लढतींना खेळाचे शिस्तशीर रूप देण्याचे प्रयोग सुरू केले आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत सान्दाला स्थान मिळाले. आज चौथरा ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच असतो. खेळाडूच्या डोक्याला टोप, छातीला कवच, दातांना रबरी ढाल, हातांत मोजे. २ मिनिटांची एक फेरी, अशा जास्तीत जास्त ३. दोन जिंकेल तो विजयी. कोपर आणि गुडघा मारणे वर्ज्य. मानेवर आणि डोक्याच्या मागे प्रहार वर्ज्य.

आपल्या विदर्भाला हे सारे अगदीच परके नाही, हे सांगितले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपले देशी खेळ दाखवायला जर्मनीत गेले होते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी अभिमानाने ऐकलेले असते. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये, चीनचे पथकही आपल्या युद्धकला दाखवायला आले होते आणि त्यात तीन स्त्रिया होत्या. एकाच शहरात विदर्भाचा मल्लखांब आणि चीनचा ठोसा! त्यांची एकमेकांशी गाठ पडली असेल का, या कल्पनेत मी एस.टी.तले कितीतरी तास सुखाने घालवले आहेत.

उभे राहणे

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने गेले. वाटले, आज ठोसा शिकणार. सरांनी मला नुसते उभे केले. दुसऱ्या दिवशीही उभे केले. तिसऱ्या दिवशी माझ्या मांड्या बोलू लागल्या.

उभे राहायचे ते असे: डावा पाय पुढे, उजवा मागे, दोहोंत खांद्यांच्या रुंदीहून थोडे अधिक अंतर. अंग समोरच्याला अर्धे तिरके. गुडघे किंचित वाकलेले. मागच्या पायाची टाच जमिनीपासून जराशी सुटलेली. हनुवटी खाली. दोन्ही मुठी वर, कोपरे बरगड्यांशी. डावखुऱ्याने हेच उलट करावे. मग पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे सरकताना आधी मागचा. दोन पाय एकमेकांत कधी गुंतवायचे नाहीत.

ठोसा शिकायला आलेल्या माणसाला आठवडाभर पायांत का अडकवतात, हे मला नंतर कळले. आपण समजतो जोर दंडात असतो. नसतो. जोर जमिनीतून निघतो. मागचा पाय जमीन ढकलतो, त्याने कंबर फिरते, कंबरेने खांदा फिरतो आणि खांदा मुठीला पुढे फेकतो. दंड हा निव्वळ निरोप्या. पाय जर निसटते असतील तर निरोप पोचवायला काही उरतच नाही.

त्यानंतर मूठ. चार बोटे घट्ट आत वळवायची, अंगठा बाहेरून तर्जनी आणि मध्यमेवर आडवा ठेवायचा. मनगट सरळ, पुढच्या हाताशी एका रेषेत. लागायची ती तर्जनी आणि मध्यमेची मोठी पेरे, म्हणजे बोटे जिथे तळहाताला मिळतात तिथली हाडे. करंगळीच्या बाजूची हाडे बारीक. त्यांवर जोर पडला तर ती मोडतात, आणि नवशिक्यांची तीच मोडतात. म्हणून आधी हाताला लांब सुती पट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर मोजे. शिवाय मूठ सुरुवातीपासून आवळून ठेवायची नाही. वाटभर ती सैल, लागतेवेळी तेवढी घट्ट. सतत आवळलेली मूठ खांदा आखडते आणि आखडलेला खांदा ठोशाला लगाम घालतो.

चार ठोसे

चिनी भाषेत मुठीला ‘छ्वान’ म्हणतात. सान्दात मुख्य ठोसे चार.

पहिला ‘चोंग छ्वान’, म्हणजे मुसंडी मारणारी मूठ. हा सरळ ठोसा. पुढच्या हाताचा असेल तर तो जलद आणि हलका. दार ठोठावून घरात कोण आहे ते पाहावे तसा. मागच्या हाताचा असेल तर जड, कारण त्यामागे सगळी कंबर येते. मूठ हनुवटीपाशी निघते, सरळ जाते आणि पोचता पोचता तळवा जमिनीकडे वळतो.

दुसरा ‘ग्वान छ्वान’. हा बाजूने येतो. कोपर काटकोनात वाकलेले आणि मूठ कवाडासारखी फिरत येणारी. तिसरा ‘छाओ छ्वान’, म्हणजे खालून उपसणारी मूठ. विहिरीतून बादली वर घ्यावी तशी गुडघ्यांतून निघून वर जाणारी. चौथा ‘ब्येन छ्वान’. ब्येन म्हणजे चाबूक. अंगाची पूर्ण गिरकी घेऊन मुठीच्या पाठीने मारायचा हा फटका दिसायला फार देखणा. पण गिरकीत समोरच्याकडे आपली पाठ होते, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मी अजून गेलेले नाही.

या सर्वांना लागू असलेला नियम एकच: मूठ जितक्या वेगाने जाते तितक्याच वेगाने हनुवटीपाशी परत आली पाहिजे. ‘मारणे’ हे अर्धे काम, ‘परत येणे’ हे उरलेले अर्धे. श्वास मात्र जाताना सोडायचा. आपण भ्यालो की श्वास कोंडतो, आणि कोंडलेल्या श्वासात हात उचलला जात नाही. हे सर सांगत होते तेव्हा मला ती डिसेंबरची पहाट आठवली. त्या दिवशी माझा आवाज कुठे अडकला होता, त्याचा पत्ता मला गडचिरोलीच्या मैदानावर लागला.

नेहमीच्या मुष्टियुद्धाहून सान्दाचा ठोसा एका बाबतीत वेगळा. इथे समोरचा लाथही मारू शकतो आणि पाय धरून पाडूही शकतो. चिनी लोक म्हणतात, लांब असेल तर लाथ, जवळ असेल तर मूठ, बिलगला तर फेक. त्यामुळे ठोसा मारताना हावरटपणाने पुढे झुकायचे नाही. झुकलात की पडलात. गुणांच्या हिशेबात तर ठोशाला एकच गुण. छातीवरच्या लाथेला किंवा स्वतः उभे राहून समोरच्याला पाडण्याला दोन. तरीही शिकवायला सुरुवात ठोशापासून करतात. कारण अंतर, श्वास आणि तोल ही तीनही गणिते ठोसा शिकवतो, आणि पुढचा सारा डोलारा त्यांवरच उभा असतो.

धान झोडतो तसे

दोन महिने झाले तरी माझा उजवा ठोसा दंडातूनच निघे. सर थकले. मी तर आधीच थकले होते. तेव्हा माझी सुटका केली ती आमच्या वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने. ती वसतिगृहात राहते. गाव भामरागड तालुक्यात, गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक. पर्लकोटा नदीला पूर आला की त्या भागाचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, तोच हा भाग. घरी माडिया बोली, शाळेत मराठी. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मग जवळ येऊन म्हणाली, “काकू, तुमी हातानं मारून राहिल्या. धान झोडतो ना आपण, तसं मारा ना.”

आणि तिने हवेत धानाची पेंढी धरली, ती खांद्यावरून मागे नेली आणि कंबर फिरवून आपटली. पुढच्याच क्षणी पेंढी सोडून तोच फेरा मुठीत आणला. सर बघतच राहिले. मी स्वतः धान कधी झोडलेले नाही. पण झोडताना पुष्कळदा पाहिलेले आहे. झोडणारी बाई दिवसभर झोडते ती दंडाच्या जोरावर नव्हे, हे मला तोवर सुचलेच नव्हते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या ठोशाने सरांच्या हातातल्या गादीचा ‘थप्’ असा भरीव आवाज काढला. तो आवाज मला कुठल्याही सनईहून गोड वाटला.

त्यानंतर ती माझी गुरू झाली. “काकू, डावा हात खाली येऊन राहिला,” हे वाक्य मी रोज किमान दहादा ऐकते.

जानेवारीत तिचे वडील तिला भेटायला आले. वसतिगृहात कुणीतरी त्यांना सांगितले होते, की तुमची मुलगी मारामारी शिकते. ते मैदानाच्या कडेला पायरीवर बसून अर्धा तास मुकाट पाहत राहिले. तिला घरी न्यायचे त्यांच्या मनात आहे, हे आम्हा सर्वांना कळून चुकले होते. हात मोडला तर शेतात रोवणी कोण करील, लग्नाचे कसे होईल, असल्या शंका त्यांच्याच का, आपल्या घरांतल्या बापांच्याही असतात. शेवटी त्यांनी मुलीला माडियात काही विचारले. तिने सरांना सांगितले, “बाबा विचारून राहिले, ह्याच्यात राग लागते का?”

सर म्हणाले, “नाही. राग आला की खांदा चढतो आणि श्वास अडकतो. रागावलेला पोरगा माझ्याकडे पहिला हरतो.”

वडिलांनी ते ऐकून घेतले. मग सरांनी त्यांच्यापुढे गादी धरली आणि मारून पाहा म्हणून खूण केली. जन्मभर कुऱ्हाड चालवलेला तो माणूस उठला आणि त्याने असा ठोसा दिला, की सर दोन पावले मागे गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ठोशाबरोबर ते स्वतःही पुढे झुकले होते. लेकीने हसत हसत त्यांच्या खांद्यावर नुसता तळवा टेकवला, तर ते अडखळून बाजूला गेले! क्षणभर आम्ही गप्प झालो. मग तेच मोठ्याने हसले. मुलगी राहिली. जाताना ते सरांना नव्हे, मला म्हणाले, “लक्ष ठेवजा.” वर्गात वयाने मोठी मीच ना!

काय येते आणि काय येत नाही

आता वाचकांच्या मनातला प्रश्न. हे शिकून माणूस गुंडांना लोळवू शकतो का? सिनेमात लोळवतो. प्रत्यक्षात सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावले होते: चाकू दिसला तर पाकीट देऊन टाका. दोघे असतील तर पळा. मोटारसायकलवाल्याशी ओढाताण करू नका, फरफटत जाल. ओरडा, उजेडाकडे धावा, ११२ क्रमांक फिरवा. आमच्या भागात आणखी एक सूचना द्यावी लागते: वाघापुढे कसलाही ठोसा चालत नाही. मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाया घोळक्याने आणि आवाज करीत जातात, तेच शहाणपण.

दुसरी गोष्ट आईबापांसाठी. डोक्यावर पुन्हा पुन्हा बसणारे प्रहार मेंदूला अपाय करतात. टोप घातला तरी तो धोका पुरता टळत नाही. आमच्या वर्गात नवशिकी मुले गादीवर आणि पिशवीवर मारतात, एकमेकांच्या डोक्यावर नाही. मीही आजवर कुणाच्या चेहऱ्यावर ठोसा मारलेला नाही, खाल्लेलाही नाही, आणि पुढेही तसा बेत नाही. आपल्या मुलांना कुठे घालायचे झाले तर हा एक प्रश्न शिकवणाऱ्याला अवश्य विचारावा. उत्तर देताना तो चिडला, तर दुसरा वर्ग शोधावा. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना नाडी दाखवावी.

मग येते काय? उभे राहता येते. समोरचा किती लांब आहे हे नजरेने मोजता येते. घाबरले असतानाही श्वास सोडता येतो, आणि श्वास सुटला की आवाज निघतो. पळायला लागणारे पायही तेच असतात, जे ठोशाला लागतात. एवढ्यासाठी एक वर्ष? हो, एवढ्यासाठीच. मला तरी ते स्वस्त वाटले.

चौथऱ्यावर

आमच्या या मुलीचे डोळे मात्र चौथऱ्यावर आहेत. वुशू आता शालेय स्पर्धांतला खेळ आहे. वसतिगृहाच्या भिंतीवर तिने नाओरेम रोशिबिना देवीचे वर्तमानपत्रातले छायाचित्र चिकटवले आहे. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत तिने सान्दात कांस्यपदक मिळवले आणि २०२३ साली हांगचौ येथे ६० किलो गटात रौप्यपदक. त्याआधी २०१७ साली रशियातल्या कझान येथे हरियाणाच्या पूजा काद्यानने जागतिक स्पर्धेत भारताला सान्दातले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले होते. आणि मोठी झेप घ्यायला मोठ्या शहरातच जन्मावे लागते असेही नाही. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती.

आमच्या मुलीची पहिली मोठी स्पर्धा चंद्रपूरला झाली. मी लेकीला आणि यजमानांना घेऊन गेले. पहिली लढत ती जिंकली. दुसरीत समोर तिच्याहून उंच मुलगी होती. पहिल्या फेरीत आमची सरळ ठोशांवर पुढे होती. एकेक गुण जमवत होती. मग तिने लाथ मारली आणि उंच मुलीने ती अलगद पकडून तिला पाडले. दोन गुण गेले. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. ती फेरी गेली, मागोमाग पुढचीही गेली.

पण मी पाहत होते ते दुसरेच. पडल्यावर ती उठली, तेव्हा गुडघा टेकलेला असतानाच तिचा डावा हात हनुवटीपाशी आला होता. आधी हात, मग पाय, मग नजर. तिला कुणी आठवण करून दिली नव्हती. उतरल्यावर ती रडली नाही. मोजे सोडता सोडता म्हणाली, “काकू, लाथ मारून पाय तिथंच ठेवला मी. परत नाही आणला.” आणि लगेच माझ्या लेकीला विचारू लागली, “ताई, इथं चांगला समोसा कुठं भेटते?”

तिथून परतताना माझी लेक गप्प होती. पुढच्या आठवड्यात ती शिकवणीला एकटी गेली. तिच्याशी यावर कुणीच काही बोलले नाही. अशा गोष्टींवर बोलले की त्या लाजून मागे फिरतात. सोमवारी पहाटे मी यजमानांना झोपू देते. रस्त्याने चालताना डोळे उघडे ठेवते, अंधाऱ्या कडेने जात नाही, शिट्टी पर्समध्ये ठेवते. भीती अजून आहे. पण आता ती घरमालकीण नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो ते आत काय आहे ते कुणाला कळत नाही म्हणून. उघडली तर रिकामी निघायची, अशी त्यात गर्भित धास्ती आहे. माझ्या मुठीत काही फार मोठे आले आहे असे नाही. पण ती अगदीच रिकामी उरलेली नाही.

परवा दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. सासूबाई सोऱ्या फिरवता फिरवता थांबल्या. संधिवाताची बोटे पुरती मिटत नाहीत, तरी त्यांनी उजवा हात हळूहळू वळवून माझ्यापुढे धरला आणि विचारले, “अंगठा बाहेरून ना गं?”